बास हवा, पण आजीने ‘बास’ म्हणण्याआधी!

कॉलेजातून आलेला नातू खोलीचे दार लावून घेतो आणि नवा सबवूफर सुरू करतो. दहाव्या मिनिटाला पलीकडच्या खोलीतून हाक येते, ‘‘आरं, बास की आता! छातीत धडधडतंय माझ्या.’’ नातू मोबाइलवरचे आवाज मोजायचे ॲप घेऊन आजीच्या खोलीत जातो. आकडा पन्नासच्या आत. ‘‘हे बघ आजी, आपण बोलतो त्याच्यापेक्षा कमी आहे.’’ आजीला काही ते पटत नाही. कोल्हापुरातल्या कितीतरी फ्लॅटमध्ये हा वाद रोज रंगत असेल. गंमत म्हणजे यात दोघेही खरे बोलत असतात.

माणसाच्या कानाला मधल्या पट्टीचे आवाज चांगले ऐकू येतात, अगदी खालचे कमी. त्यामुळे बहुतेक मीटर आणि ॲप खालच्या आवाजांना आकड्यातून सूट देतात. सेकंदाला ५० कंपने, म्हणजे ५० हर्ट्झच्या बासला ही सूट जवळजवळ ३० डेसिबलची असते. खोलीत ७५ डेसिबलचा बास घुमत असला, तरी असे मीटर ४५ दाखवते. शिवाय बास फक्त कानाला ऐकू येत नाही, तो अंगालाही जाणवतो. खिडकीची काच थरथरते, मांडणीवरची भांडी किणकिणतात. म्हणून बासच्या बाबतीत ॲपपेक्षा आजीवर विश्वास ठेवावा.

भिंत का थांबवत नाही?

दार लावल्यावर गाण्याचे शब्द अडतात, झांजेची किणकिण अडते. ‘धुम् धुम्’ मात्र पलीकडे जाते. याचे कारण लहरीच्या लांबीत आहे. ३,००० हर्ट्झच्या आवाजाची लहर जेमतेम ११ सेंटीमीटर असते, तर ५० हर्ट्झची जवळजवळ सात मीटर. इतक्या संथ दाबाखाली पातळ भिंत ढोलाच्या पानासारखी हलते आणि पलीकडची हवा हलवते. ढोबळ हिशेब असा की, भिंतीचे वजन दुप्पट केले तर सुमारे सहा डेसिबल आवाज जास्त अडतो. पण कंपनसंख्या निम्मी झाली की तेवढाच फायदा हातचा जातो. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींना जे जमायचे, ते फ्लॅटमधल्या चार इंची भिंतीला जमत नाही.

अंड्यांचे ट्रे किंवा दोन इंची फोम भिंतीला चिकटवण्याचा उपायही इथे फसतो. त्याने खोलीतला वरच्या पट्टीचा घुमारा कमी होतो, बास अडत नाही.

कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. गणेश विसर्जनाला महाद्वार रोडवर ‘डॉल्बी’ लागला की दूरच्या गल्लीत गाणे कोणते ते कळत नाही, ठोके मात्र पोचतात. ज्या नावाने आपण या भिंती ओळखतो, त्या रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी!

आनंद खरा आहे

तरीही नातवाची हौस म्हणजे निव्वळ दंगा नव्हे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका संगीताच्या कार्यक्रमात फार खालच्या, लक्षातही न येणाऱ्या कंपनांचे स्पीकर अधूनमधून सुरू-बंद केले. ते सुरू असताना लोक सुमारे १२ टक्के जास्त हलत-नाचत होते. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.  मग प्रश्न एवढाच उरतो, की हा ठोका आपल्या अंगापर्यंत येईल आणि आजीच्या खाटेपर्यंत जाणार नाही, असे कसे करायचे?

हे करून पाहा

- स्पीकर जवळ घ्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला सबवूफर सगळी खोली भरल्यावर तुमच्यापर्यंत येतो. तोच खुर्चीच्या अगदी मागे ठेवला तर बराच कमी आवाज पुरतो.

- जागा शोधा. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवून गाणे लावा आणि खोलीत जमिनीलगत फिरा. जिथे बास भरीव ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवा, तुम्ही आपल्या जागी बसा आणि मग आवाज उतरवा. मात्र आजीच्या खोलीला लागून असलेली भिंत टाळा.

- खाली जाड रबर घाला. लाकडी कपाट, माळा किंवा थेट फरशीवर ठेवलेला स्पीकर त्यांनाही वाजवतो. रबरी पॅडने ही थरथर कमी होते. हवेतून जाणारा बास मात्र त्याने थांबत नाही.

- सगळ्यात खालची पट्टी थोडी उतरवा. इक्वलायझरवर ६० हर्ट्झच्या खालचा भाग चार-पाच डेसिबलने कमी करा. मधल्या पट्टीचा आवाज निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात. बासमध्ये त्याहून कमी पुरतात. तुमचे थोडे जाते, पलीकडच्या खोलीचे बरेच कमी होते.

- हेडफोन आणि ‘बास शेकर’. हे छोटे यंत्र खुर्चीला बसवतात. ते हवा न हलवता खुर्ची हलवते. गाणे हेडफोनमध्ये आणि ठोका पाठीत! खुर्चीच्या पायांखाली रबर हवे, नाहीतर खालच्या मजल्यावरून तक्रार येईल.

कान एकदाच मिळतात

हेडफोन लावला की घर शांत होते, पण सगळा भार कानावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबलला ही मुदत चार तासांवर येते. आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर तो इशारा समजा. ती दुसऱ्या दिवशीही राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

वेळेचेही भान हवे. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. पण घरातल्या माणसांसाठी नियमाच्या आधी झोप येते. वारंवार मोडलेल्या झोपेचा परिणाम रक्तदाबावर होतो, आणि म्हाताऱ्या माणसाला एकदा जाग आली की पुन्हा डोळा लागणे कठीण.

म्हणून या रविवारी एक करा. तुमचे आवडते गाणे लावा आणि आजीला तिच्या खोलीत बसवा. ‘‘आता चालंल’’ असे ती म्हणेल तिथे आवाजाच्या बटणाजवळ पेनाने खूण करा. दिवसाची एक खूण, रात्रीची एक. ती खूण कोणत्याही ॲपच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.