घरगुती स्टिरिओ : वॅटच्या आकड्यांपलीकडे

संगीत ऐकण्यासाठी मर्यादित खर्चात स्टिरिओ संच जुळवू पाहणाऱ्या ग्राहकाची पहिली गाठ पडते ती खोक्यावर ठळक छापलेल्या वॅटच्या आकड्याशी. हजारो वॅट ‘पीएमपीओ’ असा दावा करणाऱ्या संचाच्या मागील पट्टीवर विजेचा वापर मात्र ५० किंवा ६० वॅटच नोंदवलेला आढळतो. जेवढी वीज आत येते, त्याहून अधिक शक्ती सातत्याने बाहेर पडणे शक्य नाही. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नसल्याने तुलनेसाठी हा आकडा निरुपयोगी ठरतो. पाहावयाचा आकडा ‘आरएमएस’चा.

तोही फार मोठा असण्याची आवश्यकता नाही. साधारण खोलीत बेताच्या आवाजात ऐकताना सरासरी एक-दोन वॅटच खर्च होतात. उरलेली शक्ती तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक चढांसाठी राखीव असते. प्रत्येक बाजूस २० ते ३० वॅट बहुधा पुरतात. शक्ती दुप्पट केल्यास आवाजात केवळ ३ डेसिबलची भर पडते. ८६ ऐवजी ८९ डेसिबल संवेदनशीलतेचे स्पीकर घेतल्यास तेवढीच वाढ ॲम्प्लिफायर न बदलता मिळते.

म्हणूनच खर्चाचा मोठा वाटा स्पीकरना द्यावा. एकूण २० हजार रुपये हाताशी असल्यास निम्मी किंवा त्याहून थोडी अधिक रक्कम त्यांच्या जोडीवर खर्च करणे श्रेयस्कर. पाच-सहा इंची वूफर असलेली जोडी बायाचा घुमारा बऱ्याच अंशी पेलते. तीन इंची शंकूंना ते सहसा साधत नाही. स्वस्त संचांतील सबवूफर घुमतो खरा, पण बहुतेकदा एकाच सुरात, आणि मग बाया कोणता व ढोलकी कोणती, हेच कळेनासे होते. गाणी वाजवण्यास घरातील संगणक किंवा जुना सीडी प्लेअर चालतो. महागड्या तारांची गरज नाही. चार-पाच मीटरपर्यंत विजेच्या दुकानातील दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते.

मांडणीला तर पैसेही लागत नाहीत. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा, उंच स्वरांचा छोटा ट्वीटर कानाच्या पातळीवर यावा. स्पीकर कोपऱ्यात ठेवल्यास खर्जाचे स्वर फुगतात. भिंतीपासून हातभर पुढे घेतल्यास ते आटोक्यात येतात. उघड्या फरशीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा असल्यास आवाजाची कर्कशता कमी होते.

जोडणी करताना लाल टोक लाललाच व काळे काळ्यालाच जोडलेले असावे. एका स्पीकरची टोके उलटली, तर खर्ज पातळ होतो आणि दोन्ही स्पीकरच्या मधोमध उमटणारा गायकाचा आवाज विखुरतो. तसे जाणवल्यास संच सदोष ठरवून दुकानात परत नेण्यापूर्वी तारा एकदा तपासून पाहाव्यात.