परम संगणकाची गोष्ट

गोंदियाजवळच्या बिरसी गावाचे नाव तुम्हांला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी येथे विमानांसाठी धावपट्टी बांधली. आज त्याच जागी विमानतळ आहे आणि विमान चालवायला शिकणारी मुले-मुली तेथे रोज सराव करतात. कुंपणाच्या अलीकडे विमाने, तर पलीकडे धानाच्या बांध्या. वैमानिक आणि शेतकरी यांची कामे अगदी निराळी. पण सकाळी उठल्यावर दोघांचा पहिला प्रश्न एकच असतो : आज आभाळ कसे राहील?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी फार मोठा हिशेब करावा लागतो. जमिनीपासून उंच आकाशापर्यंत हवेचे लाखो ठोकळे रचले आहेत, अशी कल्पना करा. प्रत्येक ठोकळ्यातील उष्णता, दाब, वारा आणि ओलावा मोजायचा. शेजारच्या ठोकळ्यात बदल झाला, की या ठोकळ्यातही बदल होतो. म्हणून सारे गणित पुन्हा मांडायचे. उद्याच्या पावसाचा हिशेब पुरा व्हायला चार दिवस लागले, तर त्याचा उपयोग काय? यासाठी अतिशय वेगवान यंत्र लागते. त्याला महासंगणक म्हणतात.

१९८० नंतरच्या दशकात असे यंत्र भारताला हवे होते. अमेरिकेतील ‘क्रे’ नावाचे महासंगणक तेव्हा जगात प्रसिद्ध होते. परंतु भारत त्याचा उपयोग अण्वस्त्रांच्या कामासाठी करील, अशी शंका अमेरिकेला होती. त्यामुळे मोठे यंत्र मिळाले नाही. त्यापेक्षा लहान यंत्र मिळाले, तेही केवळ हवामानाच्या कामासाठी आणि कडक अटींवर. विकत घेतलेल्या यंत्रावर आपण कोणते गणित करावे, हे दुसऱ्याने ठरवायचे! तेव्हा आपले यंत्र आपणच बनवावे, असे सरकारने ठरवले. १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांना तिचे प्रमुख नेमण्यात आले.

भटकर आपल्या विदर्भातलेच. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचे खेडे आहे. तेथे ११ ऑक्टोबर १९४६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९६५ साली ते नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून इंजिनियर झाले. पुढे बडोदा आणि दिल्ली येथे त्यांचे शिक्षण झाले व १९७२ साली त्यांनी दिल्लीच्या आय.आय.टी.तून डॉक्टरेट मिळवली. नंतर काही वर्षे त्यांनी केरळात तिरुवनंतपुरमला इलेक्ट्रॉनिक्सच्या संशोधन केंद्राचे काम पाहिले. म्हणजे पुण्यास येण्यापूर्वीच त्यांना एक गोष्ट जमत होती : अनेक माणसांचे काम एका दिशेने लावणे.

नवे काम हाती घेताना पंतप्रधान राजीव गांधी यांच्याशी झालेले बोलणे भटकरांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. महासंगणक पाहिला आहे काय, या प्रश्नावर त्यांनी आपण फक्त त्याचे चित्र पाहिले असल्याचे कबूल केले. किती दिवस लागतील? अमेरिकेकडून यंत्र आणण्याच्या खटपटीत जेवढे गेले असते, त्यापेक्षा कमी. आणि खर्च? त्या यंत्राच्या किमतीपेक्षा कमी. बोलायला सोपे! हाती तीन वर्षांची मुदत आणि सुमारे तीस कोटी रुपये होते.

आता मुख्य अडचण पाहा. क्रे यंत्रात थोडेच, पण फार शक्तिमान आणि महागडे प्रक्रियक असत. प्रक्रियक म्हणजे संगणकातील हिशेब करणारा भाग. तसे प्रक्रियक आपल्याकडे नव्हते. तेव्हा भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली. ती समजायला आपल्याला पुण्यास जाण्याची गरज नाही. आषाढात बिरसीच्या शिवारात गेले तरी पुरे.

धानाची रोवणी एकटी बाई करील, तर एका बांधीला किती दिवस लागतील? ती कितीही चपळ असली, तरी तिला हात दोनच. पण वीस बाया एका ओळीत उभ्या राहिल्या, की बांधी दुपारपर्यंत हिरवी होते. परम संगणकाची रीत हीच. त्यात साध्या शक्तीचे अनेक प्रक्रियक शेजारी शेजारी जोडले आणि मोठे गणित तुकडे करून त्यांच्यात वाटून दिले. याला समांतर गणना म्हणतात.

पण रोवणीत नुसत्या बाया वाढवून भागत नाही. पऱ्ह्यांच्या जुड्या प्रत्येकीला वेळेवर पोचल्या पाहिजेत. नाही तर दहाजणी रोवतील आणि दहाजणी धुऱ्याकडे बघत उभ्या राहतील. संगणकातही तसेच होते. एका प्रक्रियकाचे उत्तर दुसऱ्याला हवे असते. ते उशिरा पोचले, की दुसरा रिकामा बसतो. काम कसे वाटावे, कोणाचा निरोप कोणत्या वाटेने कोणाला द्यावा आणि शेवटी सारे तुकडे कसे जोडावेत, हेच खरे अवघड होते. त्यासाठी यंत्राची जुळणी आणि त्याला सूचना देणाऱ्या आज्ञावली पुण्यात तयार झाल्या. प्रक्रियक मात्र ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे, एका ब्रिटिश कंपनीने बनवलेले होते. ‘संपूर्ण स्वदेशी’ असे कोणी म्हणाले, तर तुम्ही एवढी दुरुस्ती अवश्य करा. त्याने पुण्याच्या कामाची किंमत कमी होत नाही.

१९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. मराठीत ‘परम’ म्हणजे सर्वांत श्रेष्ठ. उर्दूत आपण ‘आला’ म्हणू. (मराठीच्या तासाला ‘आला’ म्हटले, तर कोण आला, असे विचारतील!) समांतर यंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरेही या नावात बसतात. असे यंत्र पुढे रशियातही गेले. १९९८ साली ‘परम १००००’ आला. तो सेकंदाला दहा हजार कोटी गणिते करू शकत होता. भटकरांना २००० साली पद्मश्री आणि २०१५ साली पद्मभूषण मिळाले.

याच संस्थेत आणखी एक काम चालू होते. त्याला मराठीत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हणतात, उर्दूत ‘मसनूई जहानत’. इंग्रजी सरकारी कागदांचे हिंदीत भाषांतर करणारी ‘मंत्र’ नावाची योजना सी-डॅकने आखली. वाक्य कसे घडते याचे नियम यंत्राला शिकवायचे, ही तिची रीत होती. ते नियम मांडण्याची पद्धत अरविंद जोशी यांनी शोधून काढली होती. जोशी १९२९ साली पुण्यात जन्मले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. पुणेकराचा शोध अमेरिकेतून फिरून पुन्हा पुण्यास आला!

आज यंत्राला नियमांपेक्षा उदाहरणांनी जास्त शिकवले जाते. धानाच्या पानाचे हजारो फोटो यंत्राला दाखवायचे : हे पान निरोगी, याच्यावर करपा. यंत्र आधी चुकते. प्रत्येक चुकीनंतर त्याच्या आतले आकडे थोडे थोडे बदलले जातात. असे असंख्य वेळा झाले, की नवे पानही त्याला बहुतेक वेळा बरोबर ओळखता येते. हे आकडे एकाच वेळी बदलायचे, म्हणजे पुन्हा रोवणीचीच रीत! म्हणून असे काम मोठ्या प्रमाणावर करायचे, तर महासंगणक उपयोगी पडतो. सी-डॅकच्या ‘परम सिद्धी-एआय’ या यंत्राला नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील वेगवान यंत्रांच्या यादीत ६३ वा क्रमांक मिळाला. तो पहिल्या परमपेक्षा लाखो पट वेगवान आहे. तोवर भटकरांनी संस्था सोडून बरीच वर्षे झाली होती. या यंत्रातील प्रक्रियकही परदेशी, अमेरिकन कंपनीचेच आहेत.

भटकर स्वतः विज्ञानाबरोबर अध्यात्माचीही सांगड घालावी, असे व्याख्यानांतून मांडत आले आहेत. ते कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. मला त्यांच्या कामातील दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. वेगवान यंत्र बनवणाऱ्या त्याच संस्थेत भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे काम चालले आणि त्यात नागरीबरोबर उर्दूची लिपीही होती. ज्याला इंग्रजी येत नाही, त्याच्यापर्यंत यंत्र पोचले नाही, तर वेगाचे काय करायचे?

पावसाकडे पुन्हा येऊ. २०२५ च्या खरिपात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने मोसमी पाऊस केव्हा येईल याचा अंदाज काढला गेला. त्यासाठी देशातील १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी वापरल्या. तेरा राज्यांतील सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर संदेश गेले. संदेशांच्या भाषा पाच होत्या : हिंदी, उडिया, मराठी, बंगाली आणि पंजाबी.

या यादीत उर्दू नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. यंत्राला कोणतीही भाषा जन्मतः येत नाही. जिच्यातील मजकूर आणि आवाज त्याला भरपूर मिळतात, ती भाषा त्याला चांगली येते. २०२२ साली सुरू झालेल्या ‘भाषिणी’ या सरकारी योजनेत मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. तिच्यात ‘भाषादान’ नावाचा एक भाग आहे. कोणीही आपल्या भाषेतील वाक्य मोठ्याने वाचून आवाज देऊ शकतो, ऐकलेले लिहून देऊ शकतो किंवा दुसऱ्याने लिहिलेले बरोबर आहे की नाही, ते तपासू शकतो. मग बिरसीच्या माणसाची बोलण्याची ढबही यंत्राच्या कानावर पडते.