एकांताची जागा

मुंबईत माणसाला काय मिळत नाही, असा प्रश्न निघाला की पाणी, घर, लोकलमधील बसायची जागा अशी यादी तत्काळ तयार होते. त्या यादीत एकांत कधीच नसतो. विचार करण्यासाठी अर्धा तास निवांतपणा हवा, असे एखाद्या कारकुनाने म्हटले तर त्याला हिमालयाची वाट दाखविली जाईल. जणू चिंतन ही संन्याशांची, नाही तर बंगलेवाल्यांचीच मिरास!

वस्तुतः ज्याच्या घरात एकांताला जागा नाही, त्यालाच तो बाहेर मिळावा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी परळच्या चाळीत एका खोलीत राहणाऱ्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याची कहाणी या संदर्भात आठवावी. स्वयंपाक, निजणे, अभ्यास, सारे त्या एकाच खोलीत. वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आडवे होत. शांतता आणि अंथरूण दोन्ही वाटून घ्यावी लागत होती. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसे. तेथे शिक्षक व लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची त्याच्यावर नजर गेली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. बुद्धाकडे आपण वळलो ते त्या पुस्तकामुळे, असे बाबासाहेबांनी पुढे नमूद केले आहे. बागेने आंबेडकर घडविले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या बागेत बसायला कोणी मज्जाव केला नाही, ही गोष्टही लहान नव्हे.

अशा जागांची तरतूद जुन्या मुंबईने काही प्रमाणात केली होती. १८७० मध्ये उभी राहिलेली डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत आणि तिच्यामागची बाग, १८९८ चे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही त्यातली ठळक नावे. आज वाचनालयांच्या अभ्यासिका भरलेल्या दिसतात, पण बहुधा स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांनी. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्याही घरी जागा नाहीच. मात्र काहीही न घोकता नुसते वाचीत, विचार करीत बसणाऱ्याने कोठे जावे?

ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो. आजारी, विद्यार्थी आणि पक्षकार यांचा विचार झाला, हे योग्यच. बागेतल्या बाकाचा मात्र तेथे उल्लेख नाही. त्यामुळे कचेरीतून सुटलेला माणूस विरार गाडीत खिडकी मिळाली तर बाहेर पाहत बसतो. साठ किलोमीटरच्या त्या प्रवासात शेजारच्याचा भ्रमणध्वनी वाजेपर्यंतचा जो अवधी, तो त्याचा.