जॅकेटातली ऊब किती वाजेपर्यंत?

मे महिन्यातली दुपार होती. बडोद्यात पारा ४३ अंशांवर पोहोचला होता आणि दवाखान्यातला कूलर नुसताच गरम वारा फेकत होता. अशा वेळी तिशीतला एक तरुण उजव्या हाताची दोन बोटे जपत आत आला. तर्जनीचे व मधल्या बोटाचे टोक लालभडक, सुजलेले. मधल्या बोटावर स्वच्छ पाण्याने भरलेला फोड. मी सहजच भाजल्याचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, “नाही डॉक्टरसाहेब, गारठलंय. काल रात्री बोटं मेणासारखी पांढरी पडली होती, काही कळतच नव्हतं.”

हिमदंश, आणि तोही बडोद्यात मे महिन्यात! पण त्यात नवल काही नव्हते. शहराबाहेरच्या एका शीतगृहात तो फोर्कलिफ्ट चालवतो. गोठवलेले अन्न उणे १८ अंश किंवा त्याहून कमी तापमानात ठेवण्याचा सर्वमान्य दंडक आहे आणि त्याच्या गोदामात उणे २० असते. बाहेरच्या फलाटावर ४३ आणि दाराच्या आत उणे २०. हा ६३ अंशांचा उंबरठा तो एका पाळीत आठ-दहा वेळा ओलांडतो. त्या हिवाळ्यातच कामगारांना बॅटरीवर तापणारी जॅकेटे मिळाली होती. खोक्यावर ‘१० तास’ असे छापलेले होते. त्याचा खरा प्रश्न वेगळाच होता आणि तोच या लेखाचे निमित्त ठरला. “जॅकेट तर गरम होतं. मग बोटं कशी गारठली?”

उत्तराचा पहिला भाग आपल्या शास्त्रातला आहे. हाताची बोटे ही शरीराची उष्णता बाहेर टाकणारी पाती होत. बोटांच्या टोकांशी धमनी व शीर यांना थेट जोडणारे मार्ग पुष्कळ असतात आणि त्यांची दारे उघडायची की मिटायची, हे अनुकंपी मज्जासंस्था ठरवते. धड थंड पडू लागले की ही दारे मिटतात, धड उबदार असले की उघडतात. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडातील संरक्षण-संशोधकांनी उणे २५ अंशांच्या खोलीत स्वयंसेवकांना विजेवर तापणारी बंडी घालून बसवले होते. हातात मोजे नसतानाही त्यांची बोटे बराच काळ कामापुरती उबदार राहिली. छाती-पाठ तापवली की बोटांना रक्त मिळते, हे त्यातून स्पष्ट झाले. जॅकेटात केवळ जाहिरातीपुरते तथ्य आहे, असे म्हणून ते झटकून टाकता येणार नाही ते यामुळे.

मात्र याच गुणाची दुसरी बाजू माझ्या रुग्णाला भोवली. जॅकेटामुळे बोटे उबदार राहतात हे त्याच्या लक्षात आले, तेव्हा त्याने जाड मोजे काढून पातळ घातले. फोर्कलिफ्टच्या दांड्या आणि हातातला स्कॅनर पातळ मोज्यांनी सुखाने हाताळता येतात. जॅकेट केव्हातरी बंद पडले. त्याचा दिवा छातीवर असतो, पण तो ॲप्रनखाली झाकला गेला होता. छाती-पाठीत साठलेली ऊब लगेच जात नाही, त्यामुळे आपण गार पडतो आहोत हे त्याला उमगलेच नाही. बोटांची दारे मात्र मिटत गेली. त्वचेचे तापमान साधारण १५ अंशांखाली गेले की हाताचे कसब घटते आणि ७-८ अंशांच्या आसपास संवेदनाच मावळते. दुखणे थांबले म्हणजे बरे वाटते आहे, असा समज त्या टप्प्यावर होतो. त्यात एका मांडणीचा लोखंडी खिळा त्याने हाताने सरकवला. लोखंड उष्णता किती वेगाने शोषते, हे सांगायला नकोच.

उत्तराचा दुसरा भाग बॅटरीचा. या जॅकेटांत सहसा लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. हा प्रकार १९९१ साली प्रथम बाजारात आला आणि त्याच्या जनकांना, म्हणजे गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना, २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या जॅकेटाची बॅटरी मी मागवून पाहिली. तिच्यावर ७.४ व्होल्ट व ५,००० मिलिअँपिअर-तास असे लिहिले होते. दोहोंचा गुणाकार केला की ३७ वॉट-तास येतात. पाकिटात एवढेच पैसे आहेत असे समजावे. मंद आचेवर हे जॅकेट साधारण ४ वॉट घेते, म्हणजे नऊ तासांहून अधिक. खोक्यावरचे १० तास इथून आले. पण उणे २० अंशांत मंद आच कोण ठेवतो? पूर्ण आचेवर ते १२ वॉट घेते आणि हिशेब तीन तासांवर येतो. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता, पण त्याच्या कामाचा नव्हता.

(साध्या पॉवर-बँकेवर चालणारी जॅकेटेही मिळतात. तिथे १०,००० हा आकडा पाहून कोणी हुरळून जाऊ नये. तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. गुणाकार पुन्हा ३७च येतो आणि बाहेर पडताना त्यातूनही थोडी घट होते.)

हे तीन तासही कोमट खोलीतले. थंडीत बॅटरीतील द्राव घट्ट होतो, आयनांची ये-जा मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. उणे २० अंशांपर्यंत गार पडलेल्या साध्या सेलमधून तिच्या नेहमीच्या ऊर्जेपैकी निम्मी ते दोन-तृतीयांश मिळाली तरी पुष्कळ. उरलेली नाहीशी होत नाही, ती अडकून पडते. व्होल्टेज घसरले की संरक्षक मंडळ सेल वाचवण्यासाठी प्रवाह तोडते, आणि वापरणाऱ्याला वाटते की बॅटरी संपली. तीच बॅटरी अर्धा तास कोटाच्या आत ठेवली तर पुन्हा चालू लागते. आमच्या तरुणाने तिची ही ‘भुताटकी’ मला मोठ्या उत्साहाने सांगितली. त्याच्या जॅकेटात बॅटरीचा खिसा बाहेरच्या बाजूला, डाव्या कमरेशी होता. अंगाची ऊब तिथे पोहोचत नाही आणि फोर्कलिफ्टवर बसल्यावर थंड वारा नेमका तिथेच लागतो.

आता ज्या गोष्टीकडे कोणाचेच लक्ष नसते ती सांगतो. ही जॅकेटे थंड देशांतील बांधकाम-मजूर, वीजतंत्री आणि कोळी यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवली जातात. तिकडची बॅटरी थंडीतून खोलीत येते आणि खोलीतून थंडीत जाते. आमच्याकडची बॅटरी थंडीतून भट्टीत येते. शीतगृहाच्या फलाटावर पत्र्याची शेड आहे आणि तिथल्या फळीवर सर्व बॅटऱ्या रात्रंदिवस चार्जरला लावलेल्या असत. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेल्या स्थितीत ४० अंशांच्या उष्म्यात वर्षभर राहिली तर सुमारे एक-तृतीयांश क्षमता कायमची गमावते. थंडीने चोरलेली ऊर्जा ऊब मिळाल्यावर परत येते. उन्हाने चोरलेली येत नाही.

दोन्ही वजाबाक्या एकत्र करून पाहा. ३७ वॉट-तासांतून उन्हाळ्याचा तिसरा हिस्सा गेला, उरले सुमारे २५. थंडीत त्यातले साठ टक्केच मिळाले असे धरले तर १५. १२ वॉटने भागले की येतो सव्वा तास. हा माझा कागदावरचा अंदाज. पण खोक्यावर दहा तास आणि अंगावर सव्वा तास, हे अंतर त्या फोडाचे स्पष्टीकरण द्यायला पुरेसे आहे.

या जॅकेटाकडून मुळात किती अपेक्षा ठेवावी, तेही मोजून पाहण्याजोगे आहे. कपड्यांच्या उष्णतारोधाला ‘क्लो’ नावाचे एकक आहे. ते १९४१ साली सुचवले गेले. १ क्लो म्हणजे ०.१५५ चौरस मीटर-अंश प्रति वॉट. शीतगृहातला कामगार समजा २ क्लोचे कपडे घालून आहे. त्वचा ३३ अंश, हवा उणे २०, अंगाचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर. भागाकार केला की अंगातून सुमारे ३०० वॉट बाहेर जातात. स्वस्थ बसलेले शरीर १०० वॉटच्या आसपास उष्णता निर्माण करते, ओझी उचलणारे त्याच्या तिप्पट-चौपट. या ३०० वॉटच्या गळतीत जॅकेट १२ वॉट ओतते. आत एक जाड लोकरी स्वेटर चढवला तर एकूण रोध साधारण ०.३ क्लोने वाढतो आणि गळती ४० वॉटने घटते. म्हणजे आईने विणलेला स्वेटर त्या जॅकेटाच्या तिप्पट काम करतो आणि त्याला चार्ज करावे लागत नाही. मी हा हिशेब दोनदा तपासला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना. जॅकेट असल्यामुळे स्वेटर नको, असा विचार करणारा कामगार चार आणे मिळवून रुपया गमावतो. हमालाला तर जॅकेटाची गरजच कमी; तो घामाने भिजेल आणि ओला बनियन त्याला नंतर गार करील. उपयोग आहे तो बसून काम करणाऱ्या चालकाला, मालाची नोंद घेणाऱ्या कारकुनाला, आणि तोही स्वेटरावर भर म्हणून.

विजेच्या कपड्यांवर विसंबण्याची किंमत यापूर्वीही मोजली गेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आठव्या वायुदलाची बॉम्बफेकी विमाने २५,००० फुटांवरून जर्मनीवर जात. उघड्या खिडकीशी उभ्या असलेल्या तोफचींना विमानाच्या विजेवर तापणारे पोशाख दिले होते. तिथे बॅटरी संपण्याचा प्रश्न नव्हता. तरीही मोहिमेच्या सुरुवातीच्या काळात हिमदंशाने निकामी झालेल्यांची संख्या शत्रूच्या माऱ्याने जखमी झालेल्यांहून अधिक होती. त्या आरंभीच्या पोशाखातील तारा एकसर जोडणीच्या होत्या, दिवाळीच्या जुन्या दिव्यांच्या माळेसारख्या. एक तार तुटली की सगळा पोशाख थंड. पुढच्या पोशाखांत समांतर जोडणी केली गेली आणि एक भाग बिघडला तरी बाकीचे तापत राहू लागले. आजच्या जॅकेटांत तापणारे भाग वेगवेगळे असतात खरे, परंतु बॅटरी अजूनही एकच.

डॉक्टर म्हणून आणखी दोन गोष्टी माझ्या मनात आहेत. पहिली, गोठणबिंदूखाली गार असलेली बॅटरी तशीच चार्जरला लावू नये. लिथियम आत शिरण्याऐवजी धातूच्या रूपात वरच साचतो, क्षमता घटते आणि पुढे आतल्या आत जोड होऊन आग लागण्याची भीती राहते. ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, बाष्प पुसावे, मग लावावी. दुसरी, मधुमेही कामगार. त्वचेला ४४ अंशांचा स्पर्श सहा तास घडला तर भाजते, हे मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनी १९४७ साली दाखवले आहे. पाठीशी घट्ट दाबलेली तापपट्टी आणि संवेदना मंदावलेली त्वचा यांची गाठ पडू नये. तापपट्टी उघड्या त्वचेला कधीच लागू देऊ नये. आत एक सुती थर हवाच.

त्या तरुणाच्या परवानगीने मी शीतगृहाच्या व्यवस्थापकांना भेटलो. मनात थोडी धास्ती होती. मालकाला डॉक्टरने हिशेब शिकवलेला सहसा रुचत नाही. पण गृहस्थ शांतपणे ऐकत होते. चार्जर शेडमधून उचलून वातानुकूलित कार्यालयात आले. प्रत्येक बॅटरीवर चिकटपट्टी लावून वापर सुरू केल्याची तारीख लिहिली गेली. कोणीतरी बायकोकडून जॅकेटांना आतल्या बाजूने, काखेखाली खिसे शिवून घेतले. हे मी सुचवलेले नव्हते आणि सर्वांत उपयोगाचे तेच ठरले. दिव्याची वाट न पाहता चहाच्या सुट्टीत बॅटरी बदलायची, असे ठरले. प्रत्येक बॅटरी पूर्ण आचेवर, गोदामात, प्रत्यक्ष किती वेळ चालते ते घड्याळ लावून वहीत टिपले. नव्या बॅटऱ्यांपुढे दोन तास चाळीस, दोन तास पस्तीस अशा नोंदी आहेत. माझ्या रुग्णाच्या बॅटरीपुढे एक तास वीस मिनिटे.

त्याचा फोड मी फोडला नाही. हिमदंश झालेला भाग चोळू नये, ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ऊब द्यावी, हे सारे आदल्या रात्रीच करायला हवे होते. त्या रात्री त्याने बोटे फोर्कलिफ्टच्या तापलेल्या मोटरवर धरली होती; बधिर बोटे भाजली नाहीत हे नशीब. तीन आठवड्यांत कातडी सुकून गळली, खाली गुलाबी त्वचा आली. दिवाळीच्या सुमारास तो मुलीच्या तापासाठी आला तेव्हा मी त्याचा हात पाहिला. टोचणी कळते, कसब परत आले आहे. तर्जनी ठीक आहे. मधले बोट मात्र माठातले पाणी काढताना अजून झोंबते, म्हणून माठातून पाणी घ्यायला तो डावा हात वापरतो.