काचकामातील उमेदवारी

मुंबई-पुण्याकडील नव्या मोठ्या इमारतींचा दर्शनी भाग आता वीट आणि गिलावा यांचा न राहता पुष्कळ ठिकाणी काचेचा झाला आहे. परंतु ती काच मोजणारा, कापणारा आणि वीस-वीस मजल्यांच्या उंचीवर चौकटीत बसविणारा जो कारागीर, त्याचा हुन्नर मात्र गवंडी किंवा सुतार यांच्या हुन्नराप्रमाणे समाजाच्या गणनेत अद्याप आलेला नाही. शाळा आटोपून हाताला काम शोधणाऱ्या मुलाला कोणी वायरमन हो म्हणून सांगतो, कोणी फिटर हो म्हणून सांगतो. काचकामाचे नाव सहसा निघत नाही. ते निघावे अशी या लेखकाची मनापासून इच्छा आहे.

वस्तुतः महाराष्ट्राला काच परकी नाही. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला तो 1908 साली, आणि स्वदेशीच्या त्या काळात काच ओतण्याची विद्या इकडच्या तरुणांनी निष्ठेने आत्मसात केली. इमारतीच्या सपाट काचेचा इतिहास मात्र निराळा आहे. वितळलेली काच वितळलेल्या कथलाच्या पृष्ठभागावर तरंगत ठेवून सपाट करण्याची रीत इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने 1959 साली जाहीर केली, आणि घासण्या-पुसण्यावाचून दोन्ही अंगांनी निर्दोष असे मोठमोठे ताव त्यानंतर कारखान्यातून बाहेर पडू लागले. लाकडी चौकटीत तावदान ठेवून, बारीक चुका ठोकून, खडूची पूड आणि अळशीचे तेल यांची लांबी भरणाऱ्या जुन्या कारागिराच्या जागी ॲल्युमिनियम, रबरी पट्टी आणि सिलिकॉन यांचा अभ्यासक हवासा झाला, त्याचे मूळ या मोठ्या तावांत आहे.

उमेदवाराने सर्वांत आधी शिकावयाचे ते वजन. एक चौरस मीटर काचेचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो भरते. म्हणजे 12 मिलिमीटर जाडीचा आठ फूट बाय चार फूट ताव जवळजवळ 90 किलोंचा होतो, आणि हा भार धारदार कडांनिशी दोन-चार माणसांनी एका लयीत उचलावयाचा असतो. म्हणूनच चांगला मिस्त्री नव्या मुलाच्या हाती प्रथम कटर न देता हातमोजे देतो, आणि ताव नेहमी उभा न्यावा, घोडीवर किंचित कललेला टेकवावा, आणि निसटलेली काच धरण्याचा प्रयत्न कदापि न करता आपण बाजूला व्हावे, हे तीन नियम त्याच्या अंगवळणी पाडतो. गेलेली काच पुन्हा आणता येते. मनगटाची तुटलेली शीर मात्र जन्मभराचे काम हिरावून घेते.

मग येते माप. चौकट काटकोनात आहे असे गृहीत धरणारा मनुष्य या धंद्यात टिकत नाही. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी, उंचीही तशीच तीन ठिकाणी घ्यावी, दोन्ही कर्ण ताडून पाहावेत, लहानात लहान आकडा प्रमाण मानावा आणि त्यातूनही चारी बाजूंस मोकळीक वजा करावी, कारण उन्हाने धातू प्रसरण पावतो आणि धातूला थेट टेकलेली काच तडकते. कापताना कटरचे चाक रॉकेलात बुडवून, पट्टीच्या आधाराने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दाबाने एकदाच ओढावयाचे असते. हात योग्य असेल तर बारीक, अखंड करकर ऐकू येते, आणि ती मध्येच थांबली की जाणत्या मिस्त्रीला पाठमोऱ्या अवस्थेतही रेघ कोठे सुटली ते कळते. सुटलेल्या रेघेवर पुन्हा चाक फिरविण्याचा मोह प्रत्येक नवशिक्याला होतो, आणि कटरचे चाक व काच अशा दोहोंचाही त्यात नाश होतो. रेघ पडली की ताव टेबलाच्या कडेशी आणून खाली हलका, निश्चयी दाब द्यावा. काच सरळ दुभंगते.

टफन काचेच्या बाबतीत मात्र कापण्याची ही सवलतसुद्धा नाही. सुमारे सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकाएकी थंड केल्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट होते. परंतु एकदा अशी पक्की झाल्यावर तिला भोक पाडू गेल्यास सबंध ताव बारीक कणांत विखुरतो. बिजागरीची खाच, मुठीचे भोक, सारे काही भट्टीत जाण्यापूर्वीच बिनचूक ठरलेले असावे लागते, आणि त्यामुळे कागदावर माप लिहिणाऱ्या माणसाची जबाबदारी हातोडा धरणाऱ्याहून फार मोठी ठरते. ज्या मुलाला नकाशा वाचता येतो आणि मिलिमीटरचा हिशेब चुकत नाही, त्याने हे मनात धरून ठेवावे. रोजंदारीवरून ठेकेदारीकडे जाण्याची वाट या धंद्यात मापाच्या वहीतून जाते.

शिक्षणाची सोय बहुतांशी मिस्त्रीच्या हाताखालीच होते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याखाली रीतसर करार करून विद्यावेतन देणारे मालक मिळाल्यास ते अवश्य पाहावेत. कामावर रुजू होण्यापूर्वी उंचीवरच्या कामासाठी पट्टा, शिरस्त्राण आणि हातमोजे मालक देतो किंवा नाही, हे स्पष्ट विचारून घ्यावे. टाळाटाळ झाल्यास तेथे राहू नये. अठरा ते साठ वर्षे वयाचा जो कामगार गेल्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर राबला असेल, त्याला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी त्या नव्वद दिवसांचा दाखला लागतो, तेव्हा पहिल्या दिवसापासून हजेरी आपल्या वहीत तारीखवार लिहून ठेवावी आणि ठेकेदाराकडून दाखला वेळीच मागून घ्यावा.