शेवटच्या भागातलं आकाश

'डेअरडेव्हिल'च्या दुसऱ्या भागातली ती मारामारी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पळवून नेलेल्या एका लहान मुलाला सोडवायला डेअरडेव्हिल, म्हणजेच मॅट मर्डॉक, अरुंद बोळवजा पॅसेजमध्ये शिरतो. आधीच्या मारानं तो अर्धमेला झालेला आहे. ठोसा मारतो, धापा टाकतो, भिंतीला टेकतो, पुन्हा उभा राहतो. जवळजवळ तीन मिनिटं कॅमेरा कुठे तुटल्यासारखा वाटतच नाही. थकणारा सुपरहीरो मी तोवर पाहिला नव्हता. मालिका अमेरिकेत एप्रिल २०१५ मध्ये आली. आपल्याकडे ती पोचली पुढच्या जानेवारीत, नेटफ्लिक्स भारतात आलं तेव्हा.

त्यानंतरच्या दहा वर्षांत सुपरहीरोंच्या मालिका साचेबद्ध झाल्या, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. साचा मुखवट्यात किंवा शक्तींमध्ये नाही, तो शेवटात आहे.

या मालिका ज्यातून येतात, ते कॉमिक हा मुळातच 'क्रमशः'चा प्रकार. दर महिन्याला अंक काढायचा, तर गोष्ट संपून चालत नाही. मालिकेला मात्र शेवट लागतो. तो नेमका कुठे निसटला, ते 'वांडाव्हिजन'मध्ये स्पष्ट दिसतं. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या या मालिकेत जोडीदार व्हिजनला गमावलेली वांडा जुन्या विनोदी मालिकांच्या जगात लपून बसते. पहिला भाग कृष्णधवल, तोही खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित केलेला. पुढे एकेका दशकाची नक्कल करत दुःख हळूहळू उघडं पडतं. आणि नवव्या भागात दोन चेटकिणी आकाशात एकमेकींवर रंगीत प्रकाशाचे लोळ फेकू लागतात. त्याच भागात दोन व्हिजन मारामारी थांबवून थीसियसच्या जहाजाच्या कोड्यावर, म्हणजे सगळ्या फळ्या बदललेलं जहाज तेच राहतं का, यावर बोलतात. ते दोन-तीन मिनिटांचं संभाषण सगळ्या आतषबाजीहून मोठं आहे. पुढच्या वर्षीच्या 'डॉक्टर स्ट्रेंज'च्या सिनेमात वांडाचं हे दुःख तिला खलनायिका करण्यासाठी वापरलं गेलं, याची हळहळ मला आजही वाटते.

'मिस मार्व्हल'चंही तेच. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली कमला पाचव्या भागात थेट १९४७ च्या फाळणीत, शेवटची गाडी सुटत असलेल्या स्टेशनवर जाऊन पोचते. अमेरिकी सुपरहीरो मालिकेत आपल्या उपखंडाची जखम दिसेल असं कुणाला वाटलं होतं? पण सहाव्या भागात पुन्हा शाळा, सरकारी पथक आणि ठरलेली धुमश्चक्री. 'शी-हल्क'च्या लेखकांनी तर ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेल्या मालिकेच्या अखेरीस नायिकेलाच गोष्टीबाहेर पाठवलं. ती मार्व्हलच्या कचेरीत जाऊन असला शेवट नको म्हणून भांडते. साचा आतल्यांनाही जाचत होता, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

कारण सरळ आहे. मालिका ही पुढच्या सिनेमापर्यंत नेणारी पायरी झाली. सहा भाग, मोठा सामना, श्रेयनामावलीनंतर एक इशारा. प्रमाणाबाहेर निर्मिती केल्यानं लक्ष विखुरलं, हे मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी २०२३ मध्ये स्वतःच मान्य केलं. त्याच वर्षी 'डेअरडेव्हिल'चं पुनरागमन अर्धं चित्रित झाल्यावर थांबवून पुन्हा लिहायला घेतलं गेलं.

उलट्या टोकाला 'द बॉइज'. २०१९ मध्ये या मालिकेनं सुपरहीरोला कंपनीचा माल म्हणून दाखवलं, तेव्हा धक्का बसला होता. पुढे रक्त आणि किळस यांचीही सवय झाली. साचा मोडण्याचाही साचा होतो.

त्याच २०१९ मध्ये डेमन लिंडेलॉफनं 'वॉचमेन'ची सुरुवात १९२१ च्या टल्सामधल्या कृष्णवर्णीयांच्या कत्तलीनं केली आणि नऊ भागांत गोष्ट पुरी केली. दुसरा सीझन नाही. माझ्या लेखी या दशकातली सर्वांत मोठी कामगिरी तीच.

तिच्याशेजारी मी २०२४ ची 'द पेंग्विन' ठेवतो. आठ भाग, आणि बॅटमॅन एकातही नाही. पेंग्विननं, म्हणजेच ऑझ कॉबनं, प्रत्येक नातं गिळून टाकलेलं असतं. शेवटी तो खिडकीपाशी नाचतो, आणि आकाशात वटवाघळाचं चिन्ह उजळतं. तिथे कुणीही लढायला येत नाही.