झडप उत्थापक

झडप उत्थापक : अंतर्ज्वलन एंजिनातील कॅमची उचल झडपेपर्यंत पोहोचविणारा लहान दंडगोलाकार भाग. कारागिरांच्या बोलीत यास ‘टॅपेट’ म्हणतात. आकाराने तो अंगठ्याएवढा असला, तरी पिकअप प्रकारच्या मालवाहू गाडीचे आयुष्य व मालकाचा दुरुस्तीखर्च बऱ्याच अंशी त्याच्या स्थितीवर अवलंबून असतात.

कार्य व प्रकार : चार धावी एंजिनात कॅम दंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. एंजिन मिनिटास २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटास १,००० वेळा उघडते व मिटते. त्या वेगात गाडी ताशी ६० किमी. धावते असे धरल्यास २ लक्ष किमी. अंतरात एकेक उत्थापक सु. २० कोटी वेळा वरखाली होतो. कॅम दंड सिलिंडराच्या बाजूस खाली असेल, तर उत्थापकाची हालचाल पुश रॉड व रॉकर यांच्या द्वारे झडपेकडे जाते. कॅम दंड सिलिंडर-माथ्यावर असल्यास पुश रॉडची गरज नसते.

उत्थापकांचे दोन मुख्य प्रकार आहेत. यांत्रिक प्रकारात झडप तापून लांबते हे लक्षात घेऊन थोडी फट राखावी लागते. ही फट मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी असून ती ठराविक काळाने पातळ पट्टीच्या मापाने जुळवावी लागते. द्रवीय प्रकारात उत्थापकाच्या पोटात लहान दट्ट्या, स्प्रिंग व एकदिशा झडप असते. वंगणतेल दाबाखाली आत शिरून फट आपोआप भरून काढते, त्यामुळे आवाज कमी होतो व जुळवणीची गरज उरत नाही. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने १९३० मध्ये आपल्या १६ सिलिंडरांच्या एंजिनात द्रवीय उत्थापक वापरले. कॅमवर घासणाऱ्या सपाट तळाऐवजी पुढे सुई-धारव्यावर फिरणारे रूळ असलेले उत्थापकही प्रचारात आले. त्यांमुळे घर्षण घटले, परंतु भागांची संख्या वाढली.

बिघाडाची कारणे : द्रवीय उत्थापकातील दट्ट्या व त्याचे कवच यांमधील अवकाश अत्यंत सूक्ष्म असतो. तेलातील काजळी, गाळ वा धातूचा कीस त्यात अडकल्यास दट्ट्या चिकटतो किंवा तेल गळून उत्थापक पोकळ राहतो, आणि थंड एंजिन सुरू होताच ‘टक टक’ असा आवाज येतो. तेलपातळी कमी असणे, तेलपंप झिजणे, तेल फेसाळणे किंवा चुकीच्या श्यानतेचे तेल वापरणे यांमुळेही हेच घडते. रूळयुक्त उत्थापकात सुई-धारवा झिजला, तर रूळ फिरण्याऐवजी घासू लागतो आणि कॅमचा पृष्ठभाग खरवडतो. उत्थापक आपल्या जागी आडवा वळला, तर नाश अधिकच लवकर होतो.

सपाट तळाच्या उत्थापकास तेलातील जस्त व फॉस्फरसयुक्त संयुगांचे संरक्षण मिळते. फॉस्फरसामुळे उत्प्रेरकी परिवर्तकाची कार्यक्षमता घटते, म्हणून पेट्रोल एंजिनांच्या नव्या तेलांत त्याचे प्रमाण मर्यादित करण्यात आले. जुन्या रचनेच्या एंजिनात नवे तेल घालताना उत्पादकाचे विनिर्देश पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

सिलिंडर-विराम पद्धती : उत्थापकांचा प्रश्न अमेरिकेतील आधुनिक पिकअप गाड्यांत विशेष गाजला. इंधन वाचविण्यासाठी हलक्या भाराच्या वेळी आठपैकी चार सिलिंडर निष्क्रिय ठेवण्याची पद्धती जनरल मोटर्स, क्रायस्लर इ. कंपन्यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आणली. या एंजिनांतील काही उत्थापकांत तेलाच्या दाबाने सरकणाऱ्या कुलूप-खिळी असतात. खिळी सुटली की उत्थापकाचा बाह्य भाग कॅमबरोबर हलतो, पण झडप मिटलेलीच राहते. जनरल मोटर्सने २०१९ सालच्या पिकअप गाड्यांसाठी आणलेल्या पुढील पद्धतीत आठही सिलिंडरांना अशी सोय असून १७ प्रकारे सिलिंडरांची निवड होऊ शकते. खिळी वेळेवर न बसल्यास झडप उघडत नाही, पुश रॉड वाकतो, ज्वलन चुकते आणि न जळलेले इंधन उत्प्रेरकी परिवर्तकात जाते. अशा बिघाडांबाबत ग्राहकांनी तेथील न्यायालयांत सामूहिक दावेही दाखल केले. २०२१ मध्ये अर्धसंवाहक भागांच्या टंचाईमुळे जनरल मोटर्सने काही पिकअप गाड्या या पद्धतीविना विकल्या. त्यामुळे एका गॅलनमागे सु. १ मैलाचे, म्हणजे लिटरमागे सु. ०·४ किमी.चे नुकसान अपेक्षित होते. एवढ्या बचतीसाठी किती हलते भाग वाढवावे, हा अभिकल्पातील खरा प्रश्न आहे.

भारतीय परिस्थिती : भारतातील पिकअप ही मुख्यतः एक ते दोन टन भार वाहणारी चार सिलिंडरांपर्यंतची डीझेल गाडी असून तीत सिलिंडर-विराम पद्धती सामान्यतः नसते. महिंद्र कंपनीने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डीझेल एंजिनासाठी करार केला. त्या घराण्यातील एंजिने पुश रॉडची व हाताने फट जुळविण्याची होती. नंतरच्या अनेक डीझेल एंजिनांत द्रवीय समायोजक आले. परिणामी पूर्वी गावातील कारागीर पाना व मापपट्टी घेऊन जे काम करी, ते आता तेलाच्या शुद्धतेवर सोपविले गेले आहे.

पालघर जिल्ह्यातील माकुणसार, सफाळे, केळवे या भागातील व बोईसर–तारापूर औद्योगिक क्षेत्रातील वाहतूक या दृष्टीने उद्‌बोधक आहे. केळवे–माहीमची विड्याची पाने, भाजीपाला व सातपाटीची मासळी लवकर पोहोचवावी लागते, तर कारखान्यांचा माल बोईसरहून चिल्हार फाट्यावर राष्ट्रीय महामार्गास मिळतो. येथील पुष्कळ फेऱ्या आखूड असतात, आणि रेल्वे फाटक, जेटी वा कारखान्याचे प्रवेशद्वार येथे एंजिन चालू ठेवून थांबावे लागते. अशा वापरात किलोमीटर थोडे भरतात, पण एंजिनाचे तास बरेच भरतात. तेल पुरेसे न तापल्याने बाष्प व इंधन त्यात साचते, आणि किनाऱ्यावरील दमट हवा व दीर्घ पावसाळा या प्रक्रियेस पोषक ठरतात.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनंतर डीझेल गाड्यांत काजळी-गाळणीचा वापर वाढला. ही गाळणी अधूनमधून तापवून साफ व्हावी लागते. त्यासाठी अनेक एंजिनांत जादा इंधन सोडले जाते. फेरी आखूड असल्यास ही क्रिया अपुरी राहते व त्यातील काही इंधन तेलात उतरून तेल पातळ करते. मापकांडीवर तेलाची पातळी वाढलेली दिसणे हे म्हणून समाधानाचे नव्हे, तर धोक्याचे चिन्ह असते. अशा गाड्यांस कमी राख देणारे तेलच वापरावे लागते.

निदान व दुरुस्ती : उत्थापकाचा आवाज भुजादंडाच्या निम्म्या गतीने येतो, तर धारव्याचा ठोका सामान्यतः भाराबरोबर वाढतो. तेलाचा दाब मोजणे, संपीडन तपासणे आणि जुनी तेलगाळणी कापून तीत धातूचे कण पाहणे या सोप्या कसोट्या आहेत. गाडी सुरू केल्यावर काही क्षणांत थांबणारा आवाज बहुधा तेल बदलल्याने कमी होतो. गरम एंजिनातही टिकणारा आवाज व ज्वलन चुकणे ही लक्षणे दिसल्यास गाडी चालवीत राहणे घातक ठरते. कॅम खरवडला असता केवळ एक उत्थापक बदलणे व्यर्थ असून कॅम दंड व उत्थापकांचा संपूर्ण संच बदलावा लागतो आणि तेलमार्ग धुवावे लागतात.

विश्वसनीयता व कायदा : किलोमीटरऐवजी कामाचे तास किंवा महिने, यांपैकी जे आधी भरेल त्यानुसार तेल बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. तेलाची वेष्टने, पावत्या व सेवानोंदी जपून ठेवणे तितकेच महत्त्वाचे आहे, कारण हमीच्या वादात देखभाल कोणी केली हाच मुख्य मुद्दा होतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलाविण्याची तरतूद केली, पण ती पर्यावरण, चालक, प्रवासी वा रस्त्यावरील इतरांना अपाय संभवणाऱ्या दोषांपुरती आहे. केवळ खर्चात टाकणाऱ्या झिजेसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अधिक उपयोगी पडतो. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू त्यातून वगळली असली, तरी स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच ती घेणारा त्यात ग्राहकच ठरतो. स्वतः पिकअप चालवून कुटुंब पोसणाऱ्या मालकास हे संरक्षण मिळू शकते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. कर्जाचे हप्ते चालू असताना एंजिन उघडावे लागले, तर अशा मालकाचे भाडे बुडते व हप्ता थांबत नाही. म्हणून उत्थापकाची टकटक वेळीच ऐकणे हे त्याच्या दृष्टीने केवळ यंत्रशास्त्राचे ज्ञान राहत नाही.